गुलाल उधळण्याआधी आणि नंतर

रंगांपासून त्वचा कशी जपावी याचे सल्ले वर्तमानपत्रांत होळीच्या आठवड्यात येतात आणि रंगपंचमी उलटली की बंद होतात. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला तेवढे पुरत नाहीत, कारण इथं रंगाचा दिवस एकच नसतो. चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या सासनकाठ्यांवर गुलाल-खोबरं, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात भंडारा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल, आणि तिथली मानाची पहिली सासनकाठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. बेंदराला बैलांच्या पाठीवर गुलाल. भाद्रपदात तासगावच्या गणपतीचा रथ आणि मग गावोगावची विसर्जनं. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पौषात पालच्या खंडोबाचं लग्न. या सगळ्याच्या मधे कुस्तीची मैदानं, बैलगाडी शर्यती आणि सोसायटीपासून विधानसभेपर्यंतच्या निवडणुका. कुणीतरी जिंकतंच, आणि जिंकलं की गुलाल.

म्हणून हा लेख कुठल्याही महिन्यात वाचला तरी चालेल. एक गोष्ट आधीच सांगतो. रंगानं कातडीचं जे नुकसान होतं, त्यातला मोठा भाग रंग अंगावर पडताना होत नसतो. तो होतो संध्याकाळी मोरीत, घासणी, वजरी आणि कपड्याचा साबण घेऊन रंग काढायला बसल्यावर. उरलेला भाग ठरतो पूड विकत घेताना. प्रत्यक्ष मिरवणुकीत आपल्या हातात फार थोडं असतं. तेव्हा भर आधीच्या आणि नंतरच्या कामावर द्यायचा.

भंडारा: हळदीच्या गावात तरी फसू नये

भंडारा म्हणजे हळद, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यात्रेतल्या पालांवर मिळणाऱ्या पिवळ्या पुडीत हळद किती आणि रंगवलेलं पीठ किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. स्टार्च किंवा पांढरी भुकटी घेऊन तिला मेटॅनिल येलोसारखा कारखान्यातला पिवळा रंग दिला की लांबून ती हळदीपेक्षाही देखणी दिसते. हा रंग खाण्यात वापरायला परवानगी नाही. घामेजलेल्या अंगावर तो चुरचुरतो, डोळ्यांत गेला की आग होते, आणि नाजूक कातडीवर पुरळ उठतं.

सांगलीच्या माणसाला ही भेसळ ओळखायची पहिली खूण प्रयोगशाळेत शोधावी लागत नाही, ती मार्केट यार्डात आहे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या पेवांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली. हळदीचा दर इथं चहाच्या गाड्यावरही कळतो. सरळ हिशेब करा: हळकुंडाचा आजचा दर, त्यावर दळणावळ, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. यात्रेतला भंडारा यापेक्षा स्वस्त मिळत असेल तर तो हळदीचा असू शकत नाही. देवाच्या नावानं कुणी तोट्यात धंदा करत नाही.

दुसरी खूण पाकिटावर असते. ‘फक्त पूजेसाठी’, ‘खाण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असेल, तर ती पूड खाण्याच्या हळदीचे नियम पाळून केलेली नाही असं समजा. ती अंगावरही नको.

तिसरी परीक्षा घरात करता येते. काचेच्या पेल्यात कोमट पाणी घ्या, वर अर्धा चमचा भंडारा अलगद सोडा, ढवळू नका. वीसेक मिनिटं पेला हलवू नका. चांगली हळद हळूहळू तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाण्यात लगेच झगझगीत पिवळे धागे सुटले आणि सगळं पाणी गडद झालं, तर त्यात वरून रंग घातलेला आहे. लेड क्रोमेटसारखी न विरघळणारी भेसळ मात्र या परीक्षेतून निसटू शकते. ती पकडायला प्रयोगशाळाच लागते. लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळा. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना चमक यावी म्हणून तो चोळला जात असे. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघडकीला आणल्यावर तिथल्या सरकारनं बाजारावर छापे घालून तो प्रकार मोडून काढला. शिसं कातडीतून फारसं आत जात नाही. ते जातं तोंडावाटे, आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं.

इथं खोबऱ्याचा विषय काढायलाच हवा. पालला काय, म्हसवडला काय, भंडारा किंवा गुलालाबरोबर खोबऱ्याचे तुकडे उधळले जातात, माणसं ते झेलतात आणि प्रसाद म्हणून तिथंच तोंडात टाकतात. त्या तुकड्यावर जी पूड असते ती सरळ पोटात जाते. प्रसाद नाकारा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. तुकडा खिशात टाका, घरी नेऊन धुवा, वरची साल सुरीनं काढा आणि मग वाटून खा. लहान मुलाच्या हातात रंगलेला तुकडा तसाच देऊ नका.

हे सगळं टाळायचा सोपा मार्ग म्हणजे हळकुंडं विकत घ्यायची आणि ओळखीच्या गिरणीतून दळून आणायची. घरटी पावशेर भंडारा पुष्कळ होतो. आरेवाडीला निघालेल्या भावकीनं मिळून दोन-चार किलो दळून घेतला तर खर्चही वाटला जातो. देवाला वाहायचा, कपाळी लावायचा आणि एकमेकांवर उधळायचा भंडारा आपला असेल, तर अर्धी काळजी मिटते. उरलेली अर्धी शेजारच्या गावानं आणलेल्या भंडाऱ्याची.

खरी हळदही सगळ्यांना सोसते असं नाही. तिची ॲलर्जी क्वचित दिसते, पण दिसते. आणि शुद्ध हळदीची धूळसुद्धा डोळ्यांत गेली की झोंबतेच.

गुलालात काय असतं

गुलालाचे दोन भाग धरा: अंग आणि रंग. अंग म्हणजे पांढरी भुकटी. चांगल्या गुलालात ती मक्याच्या किंवा आरारूटच्या स्टार्चची असते. स्वस्तातल्या गुलालात संगजिरं, चिनी माती किंवा दगडाची भुकटी असते. रंग म्हणजे त्या भुकटीवर चढवलेलं रसायन. गुलाबी गुलालात बऱ्याचदा ऱ्होडामिन बी सापडतं. कापड, कागद रंगवायचा हा रंग खाण्याच्या पदार्थांत बंदी घातलेला आहे. हिरव्यात मॅलॅकाइट ग्रीन असू शकतं.

अंग कशाचं आहे हे तपासायला घरातलं बीटाडिन पुरतं. बशीत चिमूटभर गुलाल घेऊन त्यावर एक थेंब टाका. काळपट निळा डाग उमटला तर आत स्टार्च आहे. उमटला नाही तर भुकटी दगडाची असण्याची शक्यता जास्त. (भंडाऱ्यावर हा प्रयोग करू नका. हळदीतही मुळात स्टार्च असतो, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.) मग गुलाल दोन बोटांत चोळून बघा. पिठासारखा मऊ लागला तर ठीक, कचकच लागली तर नको. उन्हात धरल्यावर चमचमणारा गुलाल तर अजिबात नको. ती चमक अभ्रकाच्या कपच्यांची असते आणि त्यांच्या कडा धारदार असतात. असा गुलाल गालावर चोळला की न दिसणारे ओरखडे उठतात, त्यात रंग आणि घाम शिरतो. डोळ्यांत गेला तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो.

रंग कुठला आहे हे मात्र घरी कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर ओलसर करून थोडी पूड लावा, चार-पाच तासांनी धुवा आणि तीन दिवस ती जागा बघा. तीन दिवस म्हणायचं कारण आहे. नुसती चुरचुर असेल तर ती लगेच कळते. खरी ॲलर्जी उठायला एक ते तीन दिवस घेते. म्हणून यात्रेच्या आदल्या रात्री केलेली परीक्षा काही कामाची नाही, आठवडाभर आधी करा.

रंगपंचमीला मिळणारे डबीतले रुपेरी, सोनेरी आणि काळे पेस्टचे रंग घेऊच नयेत, इतकंच सांगतो. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ते आवडणारी मंडळी बहुतेक दुसऱ्याच्या तोंडाला लावण्यासाठीच घेतात.

घरी रंग करायचा असेल तर फाल्गुनात पळस फुललेला असतोच. शिराळ्याकडच्या डोंगरउतारावर फिरणाऱ्या कुणालाही सांगा. मूठ-दोन मूठ फुलं रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळली की केशरी पाणी तयार. कोरड्या रंगासाठी मक्याच्या पिठात बिटाचा रस चोळून सावलीत वाळवायचा. रंग बाजारातल्यासारखा भडक येत नाही, आणि यायलाही नको.

आधीचा आठवडा

ज्यांना इसब आहे, कातडी कायम कोरडी पडते, दमा आहे, किंवा केसांना डाय लावल्यावर टाळू-कानामागे खाज सुटते, त्यांनी इतरांपेक्षा जास्त सावध राहायला हवं. डायची ॲलर्जी असलेल्या काहींना रंगांतली जवळच्या जातीची रसायनंही बाधतात. कुंकू किंवा टिकलीनं ज्यांच्या कपाळाला खाज येते किंवा काळा डाग पडला आहे, त्यांनी कपाळावर गुलाल-भंडारा लावून घेताना हाच विचार करावा. पायावर किंवा हातावर लावला तरी देवाला चालतो.

तोंडावर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यातलं काही करायचं असेल तर ते चार-पाच दिवस आधी उरका. यात्रेच्या सकाळी गुळगुळीत दाढी करून निघायची आपल्याकडे रीत आहे. पण ताज्या दाढीवर बारीक चिरा असतात आणि रंग नेमका तिथं बसतो. आदल्या दिवशी करा, नाहीतर चक्क खुंट राहू द्या. मुरमांसाठी रात्री लावायची रेटिनॉइडची क्रीम चालू असेल तर डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवस थांबवा, तिनं कातडी सोलवटलेली असते. मेडिकलमधून स्वतःच आणलेली ‘गोरं करणारी’ क्रीम महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, कातडी पातळ झालेली असते, आणि तिला साधा गुलालही झेपत नाही. नखं कापून घ्या. पायाला चीर, हाताला ताजी जखम असेल तर तिच्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावायची.

निघायच्या आधीचा अर्धा तास

तेल लावा, हा सल्ला सगळेच देतात. पण किती आणि कुठं, हे ऋतूवर ठरतं आणि ते कुणी सांगत नाही. चैत्रातल्या उन्हात गुलाल कोरडा असतो, धुळीसारखा उडतो. अशा वेळी अंग तेलानं चपचपीत असेल तर धूळ त्यावर थरानं बसते, घाम अडतो आणि घामोळं उठतं. भाद्रपदात आणि रंगपंचमीला उलटं होतं. पावसानं किंवा पिचकारीच्या पाण्यानं पूड भिजते, तिच्यातला रंग सुटतो आणि कातडीत उतरू पाहतो. तिथं तेलाचा जाड हात हवा. म्हणजे जोतिबा-खरसुंडीला हलका हात, विसर्जनाला आणि रंगपंचमीला भरपूर.

क्रम असा ठेवा. अंघोळ करून अंग टिपलं की ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल हातापायांना, मानेला, पाठीला. ज्यांना मुरमं येतात त्यांनी चेहऱ्यावर खोबरेल लावू नये, त्यांच्यासाठी हलकं क्रीम बरं. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. मग जिथं रंग चिकटून राहतो त्या कोपऱ्यांना व्हॅसलीन: कानाच्या पाळ्या आणि कानामागे, केसांच्या कडेची कपाळाची रेघ, नाकपुड्यांच्या बाजू, ओठ, भुवया, नखांभोवती आणि नखांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पायाच्या टाचांना. निघण्याआधी वीस मिनिटं चेहरा, मान, हात यांवर एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. ते सगळ्यात शेवटी. त्यावर पुन्हा तेल चोळलं तर त्याचा थर मोडतो.

केसांना मुळापासून टोकापर्यंत तेल, मग घट्ट वेणी किंवा अंबाडा, वर रुमाल. पुरुषांना टोपी किंवा फेटा उत्तम. फेट्याचा हा फायदा फोटो काढणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही: तो टाळू, कान आणि मानेचा वरचा भाग एकदम झाकतो. मात्र नवा कोरा भगवा-गुलाबी फेटा एकदा धुवून घ्या, नाहीतर घामानं त्याचाच रंग कपाळावर उतरतो.

कपडे सुती, अंगभर आणि जरा सैल. नायलॉन-पॉलिस्टरमध्ये घाम अडतो, आणि आगीची ठिणगी पडली तर तो कपडा वितळून कातडीला चिकटतो. अंगठ्या, घट्ट कडी, घड्याळाचा पट्टा घरी ठेवा. त्यांच्याखाली ओला रंग तासन्‌तास दाबून राहतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच आकाराचा लाल चट्टा उठतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा घाला.

पिशवीत पाण्याची एक बाटली फक्त डोळ्यांसाठी राखून ठेवा, एक कोरडा मऊ पंचा आणि खोबरेलची छोटी बाटली. दम्याच्या माणसाचा पंप बरोबरच्या दुसऱ्या माणसालाही सापडेल अशा जागी हवा.

दोन वर्षांखालच्या बाळाला गर्दीच्या गुलालात नेऊच नये. नवसाचं असेल, न्यावंच लागत असेल, तर पहाटे गर्दीआधी दर्शन घ्या आणि घरच्या हळदीचं एक बोट कपाळाला लावून परत फिरा. खांद्यावर घेऊन रथाजवळ उभं राहिलं की उधळणाऱ्याचा हात नेमका बाळाच्या तोंडाच्या उंचीवर येतो.

गर्दीत

मूठ येताना दिसली की डोळे आणि तोंड मिटा, श्वास क्षणभर रोखा, मान खाली. ‘चांगभलं’ मूठ पडून गेल्यावर म्हणा. डोळ्यांत गेलंच तर चोळायचं नाही. बाजूला होऊन स्वच्छ पाण्यानं पापणी उघडी धरून दहा-पंधरा मिनिटं धुवायचं. डोळ्यांत हळद, तूप, गुलाबपाणी काहीही घालायचं नाही.

चोळण्याला नकार द्यायला शिका. गुलाल उधळला तर वरवर बसतो, गालावर घासला तर आत जातो. आपल्याकडे प्रेम दाखवायची हीच पद्धत असल्यानं हे अवघड आहे, पण हात जोडून ‘उधळा, चोळू नका’ म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. बाईमाणसाच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय हात लावायचाच नाही.

आता आग. गुलाल पेट घेतो हे पुष्कळांना पटत नाही. ढिगातला गुलाल सहसा पेटत नाही, हवेत उडालेला पेटतो, कारण तेव्हा त्याच्या प्रत्येक कणाभोवती हवा असते. पिठाच्या, साखरेच्या कारखान्यांत याच कारणानं स्फोट होतात. तैवानमध्ये २७ जून २०१५ च्या रात्री एका वॉटर पार्कमधल्या कार्यक्रमात उधळलेल्या स्टार्चच्या रंगानं पेट घेतला. पंधरा जण गेले आणि सुमारे पाचशे भाजले. लांबचं उदाहरण नको असेल तर आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं महागाव घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निकालानंतरच्या मिरवणुकीत ओवाळणी चालू असताना वरून जेसीबीनं गुलाल ओतला गेला आणि आरतीच्या ज्योतीवर भडका उडाला. स्टार्चचा गुलाल कातडीला चांगला, पण पेटणारा तोच. म्हणून नियम सोपा: ओवाळणी, दिवटी, फटाके आणि पेटलेली सिगारेट जिथं आहे तिथं गुलाल नाही, आणि जेसीबीनं किंवा फवारणी यंत्रानं तर नाहीच. मंडळाच्या पोरांनी हे बैठकीतच ठरवून घ्यावं, ऐन मिरवणुकीत कुणी कुणाचं ऐकत नाही. भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. कापड चिकटलं असेल तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

रंग काढणं: घाई नको, ताकद तर नकोच

घरी आल्यावर पहिला हात पाण्याकडे जातो, तो आवरा. कोरडा रंग कोरडाच काढायचा. अंगणात किंवा गच्चीवर उभं राहून मान खाली घालून केस झटका, कपडे झटका, मग मऊ पंच्यानं चेहरा-हात टिपून पूड झाडा. निम्म्याहून जास्त रंग असाच निघून जातो. आधीच पाणी ओतलं तर पुडीतला रंग विरघळून कातडीच्या वरच्या थरात उतरतो आणि मग तो काढायला दोन दिवस जातात.

नंतर तेल. कोमट खोबरेल किंवा शेंगतेल तळहातावर घेऊन, जोर न लावता, रंगलेल्या भागावर फिरवा. पाच मिनिटं थांबा आणि कापसानं पुसा. कापूस बदलत बदलत दोनदा-तीनदा. भंडाऱ्यासाठी तर दुसरा उपाय नाही, कारण हळदीचा पिवळा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो.

भंडाऱ्याच्या अंगाला साबण लावल्यावर पिवळ्याचं एकदम लाल होतं आणि माणूस घाबरतो. ॲलर्जी आली, भेसळ होती, असं वाटतं. तसं काही नसतं. साबणात अल्कली असते आणि अल्कलीत हळद लाल होते. हळद-चुन्यापासून कुंकू होतं ते याच गुणामुळे. थोडं जास्त पाणी वापरलं की तो लाल जातो. कपड्यांवरही हेच होतं. पिवळा डाग साबणानं लाल झाला म्हणून ब्रशनं घासत बसू नका. धुवून कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग ऊन सोसत नाही, दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो.

तेलानंतर कोमट पाणी आणि सौम्य साबण किंवा बेबी शांपू. गरम पाणी नको, त्यानं कातडी आणखी कोरडी आणि लाल होते. साबणाचा हात दोनदाच. त्यानंतरही गालावर गुलाबी झाक राहिली तर राहू द्या. कातडीचा वरचा मेलेला थर आपोआप गळत असतो आणि साधारण दोन आठवड्यांत पुरता नवा होतो. बहुतेक रंग तीन-चार दिवसांतच दिसेनासा होतो. ही झाक घालवण्याच्या हट्टातच माणसं स्वतःला इजा करून घेतात.

म्हणून या हट्टातली हत्यारं एकेक करून बाजूला ठेवू. वजरी टाचांसाठी आहे, चेहऱ्यासाठी नाही. भांड्याची घासणी, कपड्याचा साबण आणि धुण्याचा सोडा कातडीतलं नैसर्गिक तेल आणि तिच्या वरच्या थराचा सौम्य आम्लपणा दोन्ही घालवतात. मग रंगानं न झालेली जळजळ यांनी होते. रॉकेल-पेट्रोल रंग काढतं हे खरं, पण कातडी भाजल्यासारखी करतं आणि शेजारी चूल किंवा बिडी असेल तर पुढचं सांगायला नको. लिंबू हे सगळ्यात फसवं. लिंबाचा रस लावून माणूस उन्हात गेला की रसातली द्रव्यं आणि ऊन मिळून कातडीवर फोड किंवा तपकिरी डाग उठू शकतात, आणि ते डाग महिनोन्‌महिने राहतात. बेसन-दही चालेल, पण लेप म्हणून. वाळल्यावर खरवडून काढायचं नाही, भिजवून धुवायचं.

केस आधी नुसत्या पाण्यानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग शांपू. आधीच शांपू लावला तर रंगाचा फेस तोंडावर येतो. नखांतला रंग तेलात भिजवलेल्या कापसानं, टाचणीनं नाही.

विसर्जनानंतर कृष्णेत उडी मारून रंग काढायची हौस पुष्कळांना असते. भाद्रपदातलं ते गढूळ पाणी ओरखडलेल्या कातडीला आणि डोळ्यांना बरं नाही. शिवाय औदुंबर-भिलवडीपासून डिग्रजपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, आणि त्यांना आपल्या सणाचं सोयरसुतक नाही. घरची बादली बरी.

अंग टिपलं की तीन मिनिटांच्या आत, ओल असतानाच, मॉइश्चरायझर किंवा खोबरेल भरपूर लावा. पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. या दिवसांत फेशियल, ब्लीच, दाढीनंतरचं झोंबणारं लोशन, अत्तर, सगळं बंद. उन्हात जाताना सनस्क्रीन.

पुढचे तीन दिवस

थोडी कोरड, हलकी खाज, जरासं लालसर दिसणं, हे दोन दिवसांत विरतं. खाजेला कॅलामाइन लोशन आणि थंड ओला रुमाल पुरतो. सेट्रिझिनची गोळी डॉक्टरांनी दिलीच तर ती घेऊन मोटारसायकल चालवू नका, गुंगी येते. घरात पडलेली कुणाची तरी स्टिरॉइडची ट्यूब मात्र लावायची नाही. ती चट्टे तात्पुरते दाबते, आणि खाज बुरशीची असेल तर बुरशी वाढवते. काखा, जांघ, कमरेचा पट्टा इथं दोन दिवसांनी गोल कडा असलेला चट्टा दिसू लागला तर तो रंगाचा नसून घामात वाढलेला गजकर्ण असण्याची शक्यता मोठी. त्याचा उपचार वेगळा.

पापण्या सुजल्या, पाण्याचे फोड आले, पू धरला, ताप आला, दोन-तीन दिवसांनी खाज ओसरण्याऐवजी पसरू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञ. सांगली आणि मिरजेतल्या सरकारी रुग्णालयांतही ही तपासणी होते. डोळा दुखतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं, यातलं काही धुतल्यानंतरही राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर १०८.

जाताना रंगाचं पाकीट किंवा उरलेली चिमूटभर पूड कागदात बांधून न्या. कशानं झालं हे ठरवायला डॉक्टरांना तीच लागते. पुडीवर ‘हळद’ असं छापलं असेल आणि ती हळद नसल्याची शंका असेल, तर तेच पाकीट अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत देता येतं. फोडलेल्या पाकिटापेक्षा न फोडलेल्या दुसऱ्या पाकिटाला तिथं जास्त वजन असतं, म्हणून भंडारा पाकिटात घेणारच असाल तर एकाच दुकानातून दोन घ्या, आणि पावती मागून ठेवा.